दूरदर्शनचा डोळा : एका बोधचिन्हाचा इतिहास

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. ही सेवा आकाशवाणीचा एक भाग म्हणून वाढली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तरी १९७५ पर्यंत देशातल्या सातच शहरांत दूरचित्रवाणी होती. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. आकाशवाणीला वॉल्टर कॉफमन यांनी १९३०च्या दशकात रचलेली ओळखधून होती. नव्या दृश्य माध्यमाला मात्र ऐकण्याइतकीच पाहण्याचीही ओळख लागणार होती.

हे काम अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे गेले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत सार्वजनिक संस्थांसाठीची कामे शिक्षणाचाच भाग मानली जात. शिक्षक आणि विद्यार्थी अशा दोघांनीही आराखडे केले. विकास सातवळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली शिकणारे देवाशिष भट्टाचार्य यांनी मधले वर्तुळ आणि त्याला दोन बाजूंनी वेढणारे दोन वक्र अशी आकृती काढली. निवडीसाठी आलेल्या आराखड्यांतून पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तीच पसंत केली. पुढे सातवळेकर याच संस्थेचे संचालक झाले.

पाहणाऱ्याला या आकृतीत सहज डोळा दिसतो, आणि दूरचे दाखवणाऱ्या माध्यमाला तो शोभतो. समोरासमोर आलेल्या दोन वक्रांत परस्परपूरक शक्तींचा तोलही दिसतो. तिचे खरे बळ साधेपणात आहे. त्या काळी प्रक्षेपण कृष्णधवल होते, पडदे लहान होते आणि चित्र अनेकदा मुंग्यांनी भरलेले असे. बारीक रेषा किंवा रंगसंगतीवर उभे असलेले चिन्ह तिथे हरवले असते. ठळक, भरीव आकार मात्र अंधूक चित्रातही ओळखू येत होता.

स्थिर आकृतीला गती देण्याचे काम याच संस्थेतील आर. एल. मिस्त्री यांनी केले. संगणक हाताशी नसताना आकृतीच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून, त्या फिरवत एकेक चौकट चित्रित केली गेली. फिरणारे आकार हळूहळू जुळून येतात आणि शेवटी डोळा साकार होतो, असा तो क्रम होता. सोबतची धून पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या सनईसह बांधली. तिचा आधार ‘सारे जहाँ से अच्छा’ची चाल हा होता. ‘सत्यं शिवं सुन्दरम्’ हे ब्रीद त्याला जोडले गेले. आकार, गती आणि सूर मिळून दूरदर्शनची ओळख पुरी झाली.

१५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ‘हम लोग’, ‘बुनियाद’ आणि ‘रामायण’ यांच्या काळात ही धून घराघरांत पोहोचली. चिन्हाचे रंग आणि सजावट बदलत गेली, पण मूळ आकार टिकला. १९९०च्या दशकात खासगी वाहिन्या आल्या आणि दूरदर्शनचाही विस्तार झाला. मराठी वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली. २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १९९७ मध्ये दूरदर्शन आणि आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाखाली आल्या.

२०१७ मध्ये प्रसार भारतीने नव्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. जुन्या आठवणी जपत नव्या पिढीलाही आपलेसे वाटावे, अशी अपेक्षा होती. दहा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, तरीही डोळ्याचा मूळ आकार कायम राहिला. एप्रिल २०२४ मध्ये डीडी न्यूजच्या चिन्हाचा लाल रंग बदलून भगवा-नारिंगी करण्यात आला. लोकसभा निवडणुकीच्या काळात झालेल्या या बदलावर विरोधी पक्षांनी टीका केली.

सार्वजनिक प्रसारकाचे चिन्ह कागदावर सरकारी मालकीचे असते, पण वर्षानुवर्षे पाहणारे प्रेक्षकही त्यावर आपला हक्क मानतात. म्हणूनच ते बदलताना नव्या रेखाटनाच्या गुणवत्तेबरोबर लोकांच्या या हक्काचाही विचार करावा लागतो.