एका विद्यार्थ्याची मुदत आणि अमेरिकेची राज्यघटना

परक्या राज्याच्या सीमेवरून चोरून आंत शिरणारा मनुष्य आणि रीतसर परवाना घेऊन महाद्वारानें आंत आलेला, परंतु परवान्याची मुदत सरल्यावरही तेथेंच राहिलेला मनुष्य, या दोघांत व्यवहारदृष्ट्या पुष्कळच अंतर आहे. पहिल्यानें प्रवेश करतांनाच कायदा मोडलेला असतो. दुसऱ्यानें कांहीं केलेलें नसतें, केवळ जावयाचें तेव्हां तो गेलेला नसतो. काल रात्रीपर्यंत जो सन्मान्य पाहुणा होता, तो तारीख उलटतांच हद्दपारीस पात्र होतो. महाराष्ट्रांतील कितीतरी घरांतून मुलें आज शिक्षणासाठीं अमेरिकेस जातात, आणि व्हिसा हा शब्द त्या घरांतील आजीआजोबांच्याही तोंडीं बसला आहे. तेव्हां या मुदतीचा कायदा अमेरिकेंत कसा घडला, ती मोडणारास दया मिळण्याचा मार्ग कोणता होता, आणि त्या मार्गावर एका हिंदी वंशाच्या विद्यार्थ्यामुळें तेथील राज्यघटनेचा केवढा वाद उपस्थित झाला, हें पाहणें वाचकांस उद्बोधक होईल असें आम्हांस वाटतें.

हद्दपारीचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेंत कोठेंही स्पष्ट शब्दांनीं सांगितलेला नाहीं. तो तेथील सुप्रीम कोर्टानें चिनी लोकांविषयींच्या खटल्यांतून सिद्ध केला. १८८२ सालीं चिनी मजुरांस प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. पुढें १८९२ च्या कायद्यानें, तेथें आधींपासून राहत असलेल्या चिनी मजुरांवरही दाखला जवळ बाळगण्याची सक्ती झाली. ज्याच्याजवळ दाखला नाहीं त्याला घालवून द्यावें असें ठरलें. या कायद्याविरुद्ध फाँग यू टिंग वगैरे मंडळी कोर्टांत गेली. १८९३ सालीं कोर्टानें असा निर्णय दिला कीं, परकीयास देशाबाहेर घालविणें ही गुन्ह्याबद्दलची शिक्षा नव्हेच. कोणास घरांत ठेवावें व कोणास ठेवूं नये हें ठरविण्याचा प्रत्येक सार्वभौम राष्ट्राचा जो हक्क, त्याचाच तो एक भाग होय. तिघां न्यायाधीशांचें मत विरुद्ध पडलें, परंतु बहुमताचा निर्णय कायम झाला. या एका शब्दभेदाचे परिणाम फार दूरवर गेले. हद्दपारी ही शिक्षा नाहीं असें एकदां ठरल्यावर चोराला मिळणारी जूरीही हद्दपार होणाऱ्यास मिळत नाहीं, व सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा जो हक्क फौजदारी आरोपीस पुढें मिळाला तोही त्याच्या वांट्यास आला नाहीं. ही स्थिति आजतागायत चालू आहे.

तरीही आरंभीं या कायद्यास काळाचें बंधन होतें. १९१७ च्या कायद्याप्रमाणें बहुतेक कारणांसाठीं प्रवेशापासून पांच वर्षांच्या आंतच मनुष्यास घालवून देतां येई. तो काळ लोटला म्हणजे तो निर्धास्त होई. (याच कायद्यानें हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या भागांतील लोकांस दार बंद केलें, ही गोष्टही वाचकांनीं लक्षांत ठेवावी.) १९२४ च्या कायद्यानें काळाचें हें बंधन उठविलें. परवानगीपेक्षां अधिक काळ राहिलेल्या परकीयास केव्हांही पकडून बाहेर काढतां येईल, असें त्याच्या चौदाव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. मुदत संपणें हा स्वतंत्र दोष, आणि तो किती जुना झाला तरी न पुसला जाणारा, ही कल्पना अमेरिकन कायद्यांत येथून दृढ झाली.

कायदा असा निष्ठुर झाला म्हणजे दयेसाठीं कोठेंतरी फट ठेवावीच लागते. ती फट पहिल्यानें विधिमंडळांतच होती. अमेरिकेच्या विधिमंडळास काँग्रेस म्हणतात, व त्याचीं प्रतिनिधिगृह आणि सेनेट अशीं दोन अंगें आहेत. एखाद्या कुटुंबावर हद्दपारीनें अनर्थ ओढवत असला म्हणजे कोणी सभासद त्या एका माणसापुरतें खाजगी विधेयक मांडी. तें दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन अध्यक्षाची सही झाली कीं तो मनुष्य वांचे. अर्थात् ज्याला सभासदापर्यंत पोंचतां येई त्यालाच ही दया मिळे. १९४० च्या कायद्यानें हें काम ॲटर्नी जनरलकडे दिलें. योग्य प्रकरणीं त्यानें हद्दपारी तहकूब करावी व काँग्रेसला कळवावें. काँग्रेसच्या दोन्ही गृहांस नापसंत असेल तर त्यांनीं तसा ठराव करावा. १९४८ सालीं उलट नियम झाला, म्हणजे दोन्ही गृहांची संमति असल्यावांचून तहकुबी पक्की होईना. शेवटीं १९५२ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांचा नकार डावलून जो मोठा कायदा झाला, त्यांत चढ्ढांसारख्या प्रकरणांपुरती अशी योजना केली कीं, सात वर्षें सतत देशांत राहिलेल्या, सदाचरणी, आणि हद्दपारीनें ज्यास अत्यंत हाल सोसावे लागतील अशा परकीयाची हद्दपारी ॲटर्नी जनरलला तहकूब करतां यावी. मात्र दोहोंपैकीं कोणत्याही एका गृहानें ठरलेल्या अवधींत नापसंतीचा ठराव केला तर ती तहकुबी रद्द समजावी. दया करावयाची कार्यकारी सत्तेनें आणि ती परत घेण्याची दोरी हातीं ठेवावयाची विधिमंडळानें, असा हा व्यवहार होता.

या दोरीचा फास ज्यांच्या गळ्यास लागला ते जगदीश राय चढ्ढा हे केनियांत जन्मलेले, हिंदी वंशाचे, व ब्रिटिश पासपोर्ट धारण करणारे गृहस्थ. १९६६ सालीं ते विद्यार्थी म्हणून रीतसर व्हिसा घेऊन अमेरिकेंत आले व ओहायो संस्थानांतील बोलिंग ग्रीन येथील विद्यापीठांत शिकूं लागले. त्यांचा व्हिसा ता. ३० जून १९७२ रोजीं संपला. ते परत कां गेले नाहींत हें समजण्यासाठीं या सहा वर्षांत जगांत काय घडलें तें पाहिलें पाहिजे. केनिया १९६३ च्या डिसेंबरांत स्वतंत्र झाला, तेव्हां तेथील हिंदी लोकांपैकीं पुष्कळांनीं ब्रिटिश नागरिकत्वच कायम ठेवलें. १९६७ सालीं केनियानें नागरिक नसलेल्यांच्या नोकरीवर व व्यापारावर परवान्यांचे निर्बंध घातले. तेव्हां हे लोक इंग्लंडकडे निघाले. तें पाहून १९६८ च्या मार्च महिन्यांत ब्रिटिश पार्लमेंटनें अवघ्या कांहीं दिवसांत कायदा मंजूर केला, आणि ज्यांचा किंवा ज्यांच्या आईबापांचा व आजाआजींचा ब्रिटनशीं जन्मादि संबंध नाहीं त्यांच्या पासपोर्टाची ब्रिटनमध्यें मुक्तपणें शिरण्याची किंमत काढून घेतली. अशा कुटुंबांसाठीं आरंभीं वर्षास फक्त १,५०० प्रवेशपत्रें ठेवलीं होतीं. म्हणजे चढ्ढा घरून निघाले तेव्हां त्यांच्या खिशांतील पासपोर्टास जो अर्थ होता तो ते शिकत असतांनाच नाहींसा झाला. जन्मभूमि त्यांना आपला म्हणेना, ज्या राजाचा पासपोर्ट त्याचें राज्य त्यांना आंत घेईना, आणि ज्या देशांत ते होते तेथील मुदत संपलेली.

ता. ११ ऑक्टोबर १९७३ रोजीं इमिग्रेशन खात्यानें त्यांना हद्दपार कां करूं नये याचें कारण दाखविण्याची नोटीस दिली. १९७४ च्या जानेवारींत सुनावणी झाली तेव्हां चढ्ढा यांनीं कांहींही लपविलें नाहीं. मुदत संपली आहे व कायद्यानें आपण हद्दपारीस पात्र आहों हें त्यांनीं कबूल केलें, आणि केवळ तहकुबीसाठीं अर्ज केला. इमिग्रेशन न्यायाधीशानें चौकशी करून ता. २५ जून १९७४ रोजीं अर्ज मान्य केला. सात वर्षें भरलीं होतीं, चालचलणूक चांगली होती, आणि वंशामुळें केनियास परतणें किंवा ब्रिटनमध्यें जाणें यांस दुर्घट होईल, ही त्याची कारणें. प्रकरण रीतीप्रमाणें काँग्रेसकडे गेलें व तेथें जवळजवळ दीड वर्ष पडून राहिलें.

यापुढची हकीकत चमत्कारिक आहे. सदर अधिवेशन ता. १९ डिसेंबर १९७५ रोजीं संपलें. तोंपर्यंत कोणी हरकत घेतली नसती तर चढ्ढा कायमचे रहिवासी झाले असते. ता. १२ डिसेंबर रोजीं प्रतिनिधिगृहाच्या इमिग्रेशन उपसमितीचे अध्यक्ष जोशुआ आयलबर्ग यांनीं सहा परकीयांस कायम वास्तव्य नाकारण्याचा ठराव मांडला. त्या सहांत चढ्ढा होते. ता. १६ रोजीं तो मंजूर झाला. ठराव छापून सभासदांस वांटला गेला नव्हता, त्यावर चर्चा झाली नाहीं, मतें मोजलीं गेलीं नाहींत. समितीनें ३४० प्रकरणें तपासून पाहिलीं व या सहांच्या बाबतींत विशेषतः हालअपेष्टांची अट पुरी होत नाहीं असें तिला वाटलें, एवढेंच आयलबर्ग यांनीं सांगितलें. ज्या न्यायाधीशानें मनुष्य समोर पाहिला, पुरावा ऐकला, त्याचा निर्णय ज्यांनीं कांहींच पाहिलें नव्हतें अशांनीं क्षणार्धांत फिरविला. आमच्या मतें हा सर्व प्रकरणाचा मर्मबिंदु होय.

प्रकरण पुन्हां न्यायाधीशापुढें आलें, तेव्हां चढ्ढा यांनीं हें कलमच घटनाबाह्य असल्याचा मुद्दा घेतला. तो ठरविण्याचा मला अधिकार नाहीं असें म्हणून न्यायाधीशानें ता. ८ नोव्हेंबर १९७६ रोजीं हद्दपारीचा हुकूम केला. वरच्या बोर्डानेंही तेंच म्हटलें. मग चढ्ढा वरिष्ठ कोर्टांत गेले, आणि तेथें एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या इमिग्रेशन खात्यानें त्यांना घालवावयाचें, त्यानेंच त्यांचें म्हणणें बरोबर आहे असें सांगितलें! कारण अशा ठरावांनीं काँग्रेस कार्यकारी सत्तेचा लगाम हातीं घेते ही तक्रार अध्यक्षांच्या सरकारची जुनीच होती. वादी व प्रतिवादी एका बाजूस झाल्यामुळें कायद्याचें समर्थन करण्यास काँग्रेसलाच पुढें यावें लागलें. पुढें सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झालेले अँथनी केनेडी यांनीं १९८० च्या डिसेंबरांत अपील कोर्टाचा निर्णय लिहिला, तो चढ्ढा यांच्या बाजूनें. सुप्रीम कोर्टांत दोनदां वादविवाद होऊन ता. २३ जून १९८३ रोजीं अखेरचा निकाल लागला. सात न्यायाधीश चढ्ढा यांच्या बाजूस व दोन विरुद्ध. व्हिसा संपल्यापासून अकरा वर्षांस सात दिवस कमी होते. मध्यंतरीं चढ्ढा यांनीं अमेरिकन नागरिक स्त्रीशीं विवाहही केला होता. त्यांना दुसऱ्या मार्गानें राहतां येईल, मग हा वाद कशाला, असें काँग्रेसच्या बाजूनें सुचविण्यांत आलें, पण कोर्टानें तें मानलें नाहीं.

सरन्यायाधीश बर्गर यांचा युक्तिवाद सरळ आहे. माणसाचे हक्क व कर्तव्यें बदलणारी कोणतीही कृति हा कायदाच होय, आणि घटनेप्रमाणें कायदा व्हावयाचा तर तो दोन्ही गृहांतून गेला पाहिजे व अध्यक्षापुढें ठेवला गेला पाहिजे. एकट्या गृहाचा ठराव हा कायदा नव्हे. ही रीत संथ व अडचणीची आहे हें खरें, परंतु घटनाकारांनीं ती अडचण जाणूनबुजून निर्माण केली आहे. न्यायमूर्ति पॉवेल यांनीं निराळें कारण दिलें, आणि आम्हांस तें अधिक मार्मिक वाटतें. ते म्हणाले कीं, येथें प्रतिनिधिगृहानें कायदा केला नाहीं, तर एका माणसाचा न्यायनिवाडा केला, आणि न्यायालयांत जें संरक्षण त्याला मिळतें त्यांतील एकही न देतां केला. उलट न्यायमूर्ति व्हाइट यांचें विरुद्ध मतही हलकें लेखण्यासारखें नाहीं. १९३२ पासून चालत आलेली ही पद्धति सुमारें दोनशें कायद्यांत शिरली होती. काँग्रेसनें अधिकार सोंपवावे पण ते परत आटोक्यांत आणण्याचें साधन तिच्या हातीं नसावें, हें आधुनिक राज्यकारभारांत कसें चालेल, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचें समाधानकारक उत्तर अद्यापि मिळालेलें नाहीं. निकालानंतरही काँग्रेसनें तसल्या तरतुदी करण्याचें सोडलेलें नाहीं.

कायद्याच्या विद्यार्थ्यांस चढ्ढा हें नांव सत्ताविभागणीच्या धड्यांतून माहीत असतें. मूळ दोष मुदतीचा होता हें पुष्कळांच्या स्मरणांतही नसतें. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें पुढचा इतिहासच महत्त्वाचा आहे. विधिमंडळाच्या हातून दोरी सुटली, पण दयेचें क्षेत्र वाढलें नाहीं. १९९६ सालीं काँग्रेसनें दोन्ही गृहांत मंजूर करून व अध्यक्ष क्लिंटन यांची सही घेऊन, म्हणजे सर्वस्वी घटनेस धरून, नवा कायदा केला. सातांचीं दहा वर्षें झालीं. नोटीस लागतांच वर्षांची मोजणी थांबूं लागली. हाल असाधारण असले पाहिजेत, आणि तेही त्या माणसाचे स्वतःचे नव्हेत, तर नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या त्याच्या पत्नीचे, पतीचे, आईबापांचे वा मुलांचे! शिवाय अशी सूट वर्षास ४,००० हून अधिक लोकांस देऊं नये अशी मर्यादा पडली. याच कायद्यानें १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून निघून गेलेल्यास तीन वर्षें, आणि एक वर्ष किंवा अधिक राहिलेल्यास दहा वर्षें पुनःप्रवेशाची बंदी घातली. या नियमाचा परिणाम कित्येकदां उलटाच होतो. परत गेलों तर दहा वर्षें दार बंद होईल या भीतीनें मनुष्य जाण्याऐवजीं दडून राहतो, व एका तारखेची चूक आयुष्यभराची होऊन बसते.

१९७४ सालचे चढ्ढा आज त्या न्यायाधीशापुढें उभे राहते तर काय झालें असतें? त्यांच्याजवळ सांगण्यासारखे होते ते स्वतःचे हाल. केनियाही नाहीं, ब्रिटनही नाहीं, हे. तेव्हां ते अविवाहित होते. आजच्या कायद्यांत त्या हालांस जागाच नाहीं. ज्या खटल्यानें एका सभागृहाचा मनमानी अधिकार नष्ट केला, त्या खटल्यांतील न्यायाधीशाची दया मात्र सर्व रीति पाळून कायद्यांतून काढून टाकण्यांत आली. यावरून राज्यघटनेचें रक्षण व मनुष्याचें रक्षण या दोन गोष्टी नेहमींच बरोबर चालतात असें समजणें भाबडेपणाचें होईल. घटना सत्तेला रीत शिकविते. ती रीत पाळून सत्ता किती कठोर व्हावी हें ठरविणें शेवटीं त्या राष्ट्रांतील लोकांच्याच हातीं राहतें. राष्ट्रानें मुदत घालूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला दार आहे त्याला तें लावण्याचाही हक्क आहेच. पण मुदत मोडणारास बाहेर घालवितांना, हा जाणार कोठें, एवढा प्रश्न ऐकून घेणारें कोणीतरी माणूस त्याच्यासमोर बसलेलें असावें. १९७४ सालीं तें बसलें होतें, आणि त्यानें तो प्रश्न विचारला होता.