कॉलेजात शिरताना हात कोण धरतं?

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. हा प्रसंग आपल्याला माहीत असतो. मला मात्र त्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

आधीची गोष्ट अशी, की चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची केळुसकरांनी स्वतःहून चौकशी केली होती. नंतरची अशी, की इंटरनंतर घरच्यांना खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टनमधलं शिक्षण चालू राहिलं. तिथले प्रा. म्युलर त्यांना पुस्तकं देत, कपडेही देत. पण त्याच कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे.

म्हणजे प्रवेश मिळाला होता, वर्गात जागाही होती. तरी टिकून राहायला आणखी बरंच काही लागत होतं: फीचे पैसे, पुस्तकं आणि 'तू पुढे शीक' म्हणणारं कुणीतरी. आज ज्याला आपण मेंटॉरिंग म्हणतो ते हेच.

अडचण एकच. केळुसकर प्रत्येकाला भेटत नाहीत.

ही अडचण शाहू महाराजांनी ओळखली होती. खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलाने राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे, इथेच शिक्षण अडत होतं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. जातवार वसतिगृहं आज खटकतात, पण एकत्र राहायला समाज तयार नव्हता, तेव्हा मुलांच्या डोक्यावर छप्पर आलं ते असं. पुढे भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग दिला. त्यात मदत घेणाऱ्या मुलाची मान खाली जात नव्हती.

बाबासाहेबांनी स्वतः काय केलं, ते पाहा. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं राहिलं. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. एका भल्या माणसाने त्यांच्यासाठी जे केलं, ते त्यांनी नियमात आणि वेळापत्रकात बसवलं. ज्या मुलाला कुणीही बागेत हटकणार नाही, त्यालाही ते मिळावं म्हणून.

आता कॉलेजांत विद्यार्थी समुपदेशन कक्ष असतात, मेंटॉरची यादी लागते. २०१९ पासून यूजीसीचा 'दीक्षारंभ' आहे. हे सगळं हवंच. पण शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे अडकला आणि मेसचे पैसे भरले का, हे विचारणारं माणूस त्या यादीत नसेल, तर यादी भिंतीवरच राहते.

तुम्ही यंदा दुसऱ्या वर्षाला असाल, तर वर्गाबाहेर एकटं बसलेलं पहिल्या वर्षाचं कुणी दिसेलच. केळुसकरांनीही सुरुवात चौकशीनेच केली होती.