गोटुल : नाचाची निवासी शाळा



आमची एक नात (सख्खी नाही, चुलत भावाची, पण नातच) अमेरिकेत असते. मध्यंतरी ती चार दिवसांच्या नृत्यशिबिराला जाऊन आली. सकाळी वॉल्ट्झ, दुपारी रुंबा आणि सांबा, रात्री सगळ्यांनी मिळून नाचायचे. राहणे-जेवणे तिथेच. फोटो पाहून घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "एवढे पैसे भरून परक्या माणसांचे हात धरून नाचायचे, त्यातून मिळते काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आमच्या गडचिरोलीच्या जंगलात फार पूर्वीच दिलेले आहे. माझी नोकरीची बरीच वर्षे त्या भागात गेली, तेव्हा थोडे अधिकाराने बोलतो.

गोटुल हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो (काही जण घोटुल लिहितात). ऐकलेला असतो, आणि ऐकताना ओठांवर जरा हसूही असते! याचे कारण शोधायला गेले तर एका पुस्तकापाशी यावे लागते. व्हेरिअर एल्विन हे इंग्रज धर्मसेवक १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. तिथे त्यांना शामराव हिवाळे भेटले आणि जन्माची मैत्री झाली. १९३२ मध्ये दोघे मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेले. पुढे बस्तरमधल्या मुरियांच्या गोटुलावर एल्विन यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. अविवाहित मुलेमुली एका घरात रात्री एकत्र असतात, एवढेच शहरी वाचकांनी त्यातून उचलले. बाकीची शेकडो पाने कोणी उघडलीच नाहीत असे म्हटले तरी चालेल.

त्या बाकीच्या पानांत काय आहे? एक चोख शाळा आहे. मुलाला चेलिक म्हणायचे, मुलीला मोटियारी. प्रत्येकाला गोटुलातले वेगळे नाव, काहींना हुद्दा. मुलांनी लाकूडफाटा आणायचा, मुलींनी झाडलोट करायची. काम चुकवले की दंड, आणि तो ठोठावणार मोठी मुलेच. आईबापांनी त्यात पडायचे नाही. लिंगो नावाच्या आदिपुरुषाने हे सारे घालून दिले आणि तो एकटा अठरा वाद्ये वाजवी, अशी कथा. पौषात मुलांची टोळी काठ्या घेऊन पूस कोलांगच्या नाचाला निघे. आज या गावी, उद्या त्या गावी. लोक धान्य घालत, आणि परत आल्यावर त्याची मेजवानी. शिबिर म्हणजे आणखी वेगळे काय असते?

इंद्रावतीच्या अलीकडे, आमच्या भामरागडच्या बाजूला माडियांचे गोटुल थोडे निराळे. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या अधिकाऱ्याचे बस्तरच्या माडियांवरचे पुस्तक १९३८ चे, म्हणजे एल्विनच्याही आधीचे. डोंगरी माडियांत गोटुलात झोपतात ते फक्त मुलगे, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले होते. मुली नाचायला येतात आणि घरी जातात. पाहुणा आला तर तो गोटुलातच उतरतो, गावची बैठकही तिथेच. आता सांगा, हसण्यासारखे काय आहे यात?

तिथला नाच रेला. गोंडीत रेला म्हणजे बहावा, आणि गाण्याच्या पालुपदात तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो. शेजाऱ्याच्या खांद्यावर किंवा कमरेला हात, एक ओळ म्हणते, दुसरी ओळ तेच उचलते. पावले सोपी, पण ती तासन् तास चालतात. नवशिक्याला कोणी बाजूला घेऊन शिकवत नाही. त्याला दोन जाणत्यांच्या मध्ये घेतात. पाय चुकला तर दोन्हीकडचे हात त्याला ओढून नेतात, आणि दहा-पंधरा फेऱ्यांत तो आपोआप लागी लागतो. पन्नास वेळा पाढे म्हणवून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना ही पद्धत हेवा वाटावा अशीच!

मला जे दिसले ते सांगतो. वर्गात पाटीवरून मान वर न करणारी मुले असत. मराठी त्यांना परकी, प्रश्न विचारला की भिंतीकडे बघत. तीच मुले रात्री अंगणात ओळीचे टोक धरून गाणे सुरू करत, आणि तीस-चाळीस जण त्यांच्यामागे जात. भित्रेपणा मुलात नव्हता, तो आमच्या वर्गात होता.

म्हणून नातीच्या शिबिराचे मला अप्रूप वाटते. तिथे जोडीने नाचतात, जोडीदार बदलत राहतो. अनोळखी माणसाचा तोल सांभाळायचा, आपला त्याच्या हाती द्यायचा, चुकले तर हसून पुन्हा सुरुवात करायची. आठवड्यातून एक तास क्लास लावून हे होत नाही. सलग दिवस लागतात, सोबत जेवण लागते, थकवाही लागतो. ती म्हणाली, तिसऱ्या दिवशी पाय मोजायचे विसरले. माडिया पोराला हे वर्षानुवर्षे फुकट मिळत होते.

मिळत होते, असे भूतकाळात लिहावे लागते. गावोगावची गोटुले मोडत गेली. मुले वसतिगृहात गेली, आमच्यासारख्यांच्या हसण्याची लाज वाटू लागली, आणि १९८० नंतर नक्षलवाद्यांच्या व पोलिसांच्या कात्रीत रात्री बाहेर निघणेच अवघड झाले.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने मात्र उलटे केले. १९८४-८५ च्या सुमारास इचमपल्ली आणि भोपालपटनमच्या धरणांविरुद्ध लालश्याम शाह, बाबा आमटे यांच्या पुढाकाराने आंदोलन झाले. त्यातून आपली संस्कृती जपावी हा विचार इथे रुजला आणि गावाने गोटुल पुन्हा बांधायचे ठरवले. जंगलातले सागवान वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले. गावाने ते परत उभारले, आणि पाठिंबा म्हणून आसपासच्या गावांनीही आपापली गोटुले बांधली. एका नाचघरासाठी एवढी जिद्द! देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने हेच गाव पुढे सर्वांच्या सहमतीने निर्णय घेऊ लागले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, ते द्यायला खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश तिथे गेले होते. याचे सगळे श्रेय मी नाचाला देणार नाही, अभ्यासगटांचे काम मोठे आहे. पण एकाही माणसाला मागे न सोडता निर्णय घ्यायचा, ही सवय ज्यांनी लहानपणी ओळीत हात गुंफले त्यांना सोपी गेली असावी, असे माझे मत.

अलीकडच्या वर्षांत गडचिरोली पोलिसांनी बिरसा मुंडा यांच्या नावाने रेला नृत्याच्या स्पर्धा भरवल्या. चांगलेच आहे, मुले पुन्हा पावले गिरवू लागली. फक्त मंचावर ओळ प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहते, परीक्षक गुण देतात. गोटुलात बघणारा कोणी नसतो. जो येतो तो ओळीत घेतला जातो, मग तो मास्तर का असेना!

मेंढा गडचिरोलीहून तीसेक किलोमीटरवर, धानोऱ्याच्या रस्त्यालाच आहे. कोणाला जायचे असेल तर धानाच्या रोवणीचे दिवस टाळून जा, त्या वेळी सारा गाव बांधीत असतो.