'हो' म्हणायला कोणी नसताना

लिनक्सची बहुतेक वितरणं तयार माल देतात. प्रोग्राम दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर कंपाइल झालेला असतो. तो उतरवून घ्यायचा आणि बसवायचा. डॅनियल रॉबिन्स यांना वेगळं काही हवं होतं. त्यांनी 'इनॉक' या नावाने सुरू केलेल्या वितरणाचं पुढे 'जेंटू' असं बारसं झालं. हे सर्वांत वेगाने पोहणाऱ्या पेंग्विनचं नाव. ३१ मार्च २००२ रोजी त्याची १.० आवृत्ती आली. फ्रीबीएसडीच्या 'पोर्ट्स'वरून प्रेरणा घेतलेल्या या पद्धतीत प्रत्येक प्रोग्रामचा सोर्स कोड वापरणाऱ्याच्याच संगणकावर कंपाइल होतो. हे काम करणाऱ्या व्यवस्थेचं नाव पोर्टेज, आणि रोज टाइप करायची तिची कमांड इमर्ज.

याची किंमत आधी वेळेत मोजावी लागे. त्या काळच्या संगणकावर ओपनऑफिस कंपाइल करायला बसवलं की रात्र उलटून जायची. पण खरी डोकेदुखी पुढे होती. लिनक्सवरचे प्रोग्राम सामाईक लायब्ररींच्या आधाराने चालतात, आणि आपल्याला कोणती लायब्ररी लागते याची नोंद प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात आवृत्तीच्या आकड्यासकट असते. एक्सएमएल वाचणारी एक्सपॅट ही लायब्ररी २.० वर गेली तेव्हा तो आकडा शून्याचा एक झाला. नवी फाइल बसली, जुनी निघून गेली, आणि जुनीच शोधत बसलेले प्रोग्राम सुरू होईनात. २०१० मध्ये पीएनजी चित्रांची लायब्ररी १.२ वरून १.४ वर गेली आणि अनेकांचे डेस्कटॉप कोलमडले.

त्याच वर्षी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची १.०.० आवृत्ती आली. हा बदल जास्त जोखमीचा होता. सोर्स कोड उतरवून आणणारा डब्ल्यूगेट स्वतः याच लायब्ररीवर चालतो. तो पडला की दुरुस्तीचं सामान आणायची वाटच बंद. म्हणून इथे जुनी फाइल मुद्दाम राखून ठेवली जाई, आणि आधी अवलंबून असलेली पॅकेजेस पुन्हा बांधा, मगच ही फाइल काढा, अशी सूचना पडद्यावर येई.

पुन्हा बांधा म्हणजे नेमकी कोणती? शेकडो पॅकेजेसमधून ती हाताने हुडकणं कोणाच्याही आवाक्याबाहेरचं होतं. त्यासाठी 'रेव्हडेप-रिबिल्ड' हे साधन आलं. सुरुवातीला ती एक साधी शेल स्क्रिप्ट होती, पण तिचं काम मोठ्या चिकाटीचं होतं. यंत्रावरच्या प्रोग्राम आणि लायब्ररींची यादी करायची, एकेका फाइलवर, तिला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी एलडीडी कमांड चालवून कोणाची लायब्ररी हरवली आहे ते पाहायचं, मोडलेली फाइल कोणत्या पॅकेजची ते शोधायचं, बांधणीचा क्रम इमर्जकडून काढून घ्यायचा, आणि शेवटी त्याच क्रमाने सगळं पुन्हा कंपाइल करायचं. मधले निष्कर्ष ती फाइलींमध्ये लिहून ठेवी, म्हणजे काम मध्येच तुटलं तरी श्रीगणेशापासून सुरुवात करायला नको. पर्लची आवृत्ती बदलली की 'पर्ल-क्लीनर', पायथनसाठी 'पायथन-अपडेटर', हॅस्केलसाठी 'हॅस्केल-अपडेटर' अशी तिची भावंडंही होती. या सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान होती: कंपाइल करण्याचं मूळ काम त्यांपैकी कोणीच स्वतः करत नाही. सगळी इमर्जलाच हाक मारतात.

आणि अडचण नेमकी तिथे आली.

जेंटू वापरणाऱ्याची सगळी आवडनिवड 'मेक.कॉन्फ' या एका फाइलीत लिहिलेली असते. तिथे 'इमर्ज डिफॉल्ट ऑप्ट्स' नावाची एक ओळ घालता येते. तिच्यात लिहिलेले पर्याय इमर्जच्या प्रत्येक कमांडला आपोआप जोडले जातात. या ओळीत अनेक जण पहिल्यांदा लिहीत तो पर्याय 'आस्क'. तो असला की इमर्ज आधी काय काय बसणार याची यादी दाखवतं, 'हो की नाही' असं विचारतं आणि उत्तराची वाट पाहतं. ही सवय अगदी शहाणपणाची होती. पॅकेजमध्ये कोणत्या सोयी घ्यायच्या ते ठरवणारा एखादा यूज फ्लॅग चुकीचा राहून गेला तर तासन्‌तास कंपाइल होऊन नको ते पदरात पडायचं. यादीवर एक नजर टाकली की ते टळायचं. जोडीला 'व्हर्बोस' म्हणजे प्रत्येक पॅकेजचे फ्लॅग दिसत, आणि 'ट्री' म्हणजे कोण कोणामुळे येतंय तेही कळे.

फक्त ही ओळ वाचताना इमर्जला कोणी हाक मारली आहे, हे कळायची सोय नव्हती. टर्मिनलसमोरचा माणूस असो की रेव्हडेप-रिबिल्ड, पर्याय दोघांनाही लागू. साधनाने इमर्जचं आउटपुट स्वतःकडे वळवून घेतलेलं असेल तर 'हो की नाही' हा प्रश्न पडद्यावर उमटतच नाही. माणसाला वाटतं कंपाइल चालू आहे, इमर्जला वाटतं माणूस विचार करतोय, आणि मधलं साधन दोघांची वाट पाहत बसतं. सीपीयू मात्र रिकामा. हेच काम ठरल्या वेळी आपोआप चालावं म्हणून रात्री क्रॉनवर लावलेलं असलं तर प्रकार निराळा: समोर टर्मिनल नाही हे इमर्जला कळतं, 'आस्क' फक्त टर्मिनलवर वापरावा असं सांगून ते तिथल्या तिथे बाहेर पडतं, आणि सकाळी बघावं तर एकही पॅकेज बांधलेलं नाही.

प्रश्न विचारणारा पर्याय निदान लगेच लक्षात येतो. दिसण्यापुरता वाटणारा पर्याय जास्त फसवा. 'ट्री' लावला की इमर्ज आपली यादी उलट्या क्रमाने छापतं, कारण झाडाचा शेंडा वर आणि मुळं खाली असं माणसाला वाचायला सोपं जातं. बांधणीचा क्रम त्या यादीतून उचलणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती मात्र उलटा क्रम पडेल. 'व्हर्बोस'मुळे ओळी लांबतात, रंगांमुळे अक्षरांत अदृश्य संकेत मिसळतात. माणसाला सुखाचं ते यंत्राला वाचता येत नाही.

हा घोळ एकट्या जेंटूचा नव्हता. मजकुरात शब्द शोधणाऱ्या जीएनयू ग्रेपसाठी 'ग्रेप ऑप्शन्स' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होतं. शोधलेला शब्द कायम रंगीत दिसावा म्हणून लोक त्यात रंगाचा पर्याय लिहून ठेवत. पण कंपाइल करण्याआधी चालणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टसुद्धा ग्रेपच वापरतात, आणि रंगाचे संकेत थेट त्यांच्या तपासणीत शिरत. पोर्टेज तर बांधणी सुरू करताना हे व्हेरिएबल पुसूनच टाकतं. ग्रेपच्या २०१४ सालच्या २.२१ आवृत्तीने ते कालबाह्य ठरवून इशारा द्यायला सुरुवात केली, आणि २०२० च्या ३.६ पासून त्याचा परिणामच बंद झाला. निर्णय कठोर होता, पण योग्य होता.

इतरांनी आपापल्या वाटा काढल्या. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये पर्याय निवडायची चौकट उघडून बांधणी अडकते. तिथे 'बॅच' व्हेरिएबल लावलं की चौकटी येत नाहीत, किंवा 'कॉन्फिग-रिकर्सिव्ह'ने सगळे प्रश्न आधीच विचारून घेता येतात. डेबियनमध्ये प्रश्न न विचारणारा 'नॉनइंटरॲक्टिव्ह' फ्रंटएंड आहे. २०१४ मध्ये आलेली 'ॲप्ट' कमांड तर आउटपुट दुसरीकडे वळवलेलं दिसलं की बजावते: माझं रूप स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. तरीही उबुंटू २२.०४ च्या सर्व्हरवर अपग्रेड करताना 'नीडरीस्टार्ट'ची चौकट उघडून अनेकांच्या स्क्रिप्ट अडल्या. त्या चौकटीतला प्रश्नही लायब्ररींचाच होता: जुनी लायब्ररी धरून बसलेल्या कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या?

जेंटूमध्ये दोन उपाय हाताशी आहेत. 'इग्नोर-डिफॉल्ट-ऑप्ट्स' हा पर्याय दिला की इमर्ज मेक.कॉन्फमधल्या त्या डिफॉल्ट ओळीकडे पाहतच नाही. ऐकायला हे स्वच्छ वाटतं, पण त्यात नुकसान आहे. त्या एकाच ओळीत दोन जातींचे पर्याय एकत्र नांदतात. 'आस्क', 'व्हर्बोस', 'ट्री' हे माणसासाठी. एका वेळी किती पॅकेजेस बांधायची ते ठरवणारा 'जॉब्स', यंत्रावरचा भार आवरणारा 'लोड-ॲव्हरेज', एक पॅकेज अडलं तरी बाकीची पुढे नेणारा 'कीप-गोइंग' हे यंत्रासाठी, आणि रात्रीच्या बांधणीला तेच सर्वांत जास्त हवे असतात. सगळी ओळ पुसली तर तेही जातात. म्हणून 'आस्क'ला स्पष्टपणे 'नाही' असं मूल्य देणं हा दुसरा उपाय अधिक चांगला. नको तो पर्याय तेवढा गळतो, बाकीचे टिकतात. हे भान साधन लिहिणाऱ्याने ठेवायला हवं. दिवसा आपल्या सोयीने सेटिंग करणाऱ्याकडून त्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

दरम्यान मूळ दुखण्यावरही इलाज झाला. पोर्टेजच्या २.२ मालिकेने जुन्या लायब्ररी कोणाला लागत असतील तोवर स्वतःच सांभाळून ठेवायला सुरुवात केली. त्या वापरणारी पॅकेजेस 'प्रिझर्व्ह्ड-रिबिल्ड' या संचातून पुन्हा बांधता येतात. पॅकेजेस लिहिण्याच्या नियमांच्या २०१२ मध्ये मंजूर झालेल्या ईएपीआय ५ या आवृत्तीने 'सब-स्लॉट' आणले. लायब्ररीचा सब-स्लॉट बदलला की तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस इमर्ज त्याच फेरीत, न सांगता यादीत घेतं. बाहेरून येऊन इमर्जला हाक मारणाऱ्या साधनाची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. पायथन-अपडेटर इतिहासजमा झालं. रेव्हडेप-रिबिल्ड मात्र जेंटूलकिट या साधनसंचात अजून आहे, आता पायथनमध्ये नव्याने लिहिलेलं.

डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूने मोठ्या प्रमाणावर तयार बायनरी पॅकेजेस द्यायलाही सुरुवात केली. ती वापरायची तर 'गेटबिनपीकेजी' हा पर्याय लावावा लागतो, आणि तो लिहिण्याची एक जागा म्हणजे हीच डिफॉल्ट ओळ. तिथे तो असला की रेव्हडेप-रिबिल्डने मारलेल्या हाकेलाही लागू होतो, आणि पुन्हा बांधायचं पॅकेज जुळत असेल तर कंपाइल न होता तयारच उतरतं.