सूक्ष्मभूकंपी निरीक्षण

भूगर्भात खडकाला तडे जाताना किंवा जुन्या तड्यांच्या कडा सरकताना होणारे अतिक्षीण भूकंप टिपून तड्यांची जागा व दिशा ठरविण्याची पद्धत. तेल-वायूच्या विहिरीत पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडून खडक फोडतात (फ्रॅकिंग). ते तडे कुठवर गेले, हे मुख्यतः याच पद्धतीने पाहतात.

या भूकंपांची महत्ता बहुधा शून्याच्याही खाली असते. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे कारखान्यांचे प्रेस आणि वाहतूक दिवसभर जमीन हादरवतात, तिथे पृष्ठभागावरच्या यंत्राला ते कळणेच कठीण. म्हणून शेजारच्या विहिरीत जिओफोनांची (जमिनीची कंपने टिपणाऱ्या उपकरणांची) माळ उतरवतात. कठीण खडकात एक किलोमीटरवर तडा गेला, तर प्राथमिक तरंगापाठोपाठ दुय्यम तरंग सुमारे 0.12 सेकंदाने पोहोचतो. एवढ्या फरकावरून अंतर काढायचे असते.

महाराष्ट्रातील यासंबंधीचे सर्वांत मोलाचे काम तेलक्षेत्राबाहेर, कोयना खोऱ्यात झाले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला 6.3 महत्तेचा भूकंप झाला. कोयना धरणाचा जलाशय भरू लागल्यापासून सुरू झालेले धक्के आजही थांबलेले नाहीत. बेसाल्टच्या थरांमुळे तरंग विस्कटतात. म्हणून राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने त्या थरांखालच्या ग्रॅनाइटी खडकात, सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंत भूकंपमापक बसविले. गोठणे येथे 2017 मध्ये सुमारे 3 किमी. खोल वेधनछिद्र पूर्ण झाले. कराडची वेधनछिद्र भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा हे काम पाहते. या छिद्रात खडकावरील ताण मोजण्यासाठी द्रवदाबाने खडक फोडण्याच्या चाचण्याही झाल्या. छिद्राचा छोटा भाग रबरी पॅकरांनी दोन्हीकडून बंद करतात व पाणी दाबतात. खडक फुटताच दाब झपकन उतरतो. पंप बंद केल्यावर दाब जिथे स्थिरावू लागतो, त्यावरून त्या खोलीवरचा किमान ताण कळतो.

टिपलेल्या धक्क्यांच्या जागा दाखविणाऱ्या नकाशावरील ठिपक्यांवर भिस्त ठेवताना सावध राहिले पाहिजे. ठिपका म्हणजे खडक सरकल्याची जागा. तिथून वायू वाहीलच असे नाही, आणि काही तडे जवळजवळ आवाज न करता उघडतात.

धक्क्यांची महत्ता ठरावीक मर्यादेवर गेली की पंप थांबविण्याचा नियमही पुरेसा नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे 8 डिसेंबर 2006 रोजी भूऔष्णिक विहिरीत पाणी सोडणे थांबविल्यानंतर काही तासांनी 3.4 महत्तेचा धक्का बसला. पंप बंद झाला तरी तड्यांत शिरलेल्या पाण्याचा दाब पुढे पसरत राहतो.