मृत सेनापतीची शरणागती

इ.स. १८९५ मधील एक जपानी काष्ठमुद्रित चित्र. तीन कागद शेजारी शेजारी मांडून पूर्ण होणारे. चित्रकार मिगिता तोशिहिदे. पाश्चात्त्य धाटणीच्या गणवेशातील जपानी नौदल अधिकारी ताठ उभे आहेत. त्यांच्यासमोर पायघोळ झग्यांतील चिनी मंडळी वाकली आहेत आणि चित्राच्या शीर्षकानुसार, चीनच्या पेइयांग आरमाराचा सेनापती डिंग रूचांग शरण येत आहे.

प्रत्यक्ष तहावर सही झाली तेव्हा डिंग हयात नव्हता.

पहिल्या चीन-जपान युद्धाचा तो शेवटचा टप्पा. पेइयांग आरमार वेहायवे बंदरात कोंडले गेले होते. किनाऱ्यावरील तटबंद्या जपानी सैन्याने जिंकल्या आणि तिथल्याच तोफा बंदरातील जहाजांवर रोखल्या. ५ फेब्रुवारीच्या पहाटे टॉर्पेडो नौकांनी ‘डिंगयुआन’ ही मुख्य युद्धनौका निकामी केली. जपानी सेनापती इतो सुकेयुकी आणि डिंग यांचा युद्धापूर्वीचा परिचय होता. इतोने जानेवारीतच पत्र धाडून, शरण या आणि युद्ध संपेपर्यंत जपानात आश्रय घ्या, असे सुचवले होते. डिंगने ते मानले नाही.

१२ फेब्रुवारीला पांढरे निशाण लावलेली एक चिनी तोफनौका जपानी आरमाराकडे आली. तिच्यावर चंग बीग्वांग हा अधिकारी डिंगच्या नावाचे पत्र घेऊन आला होता: जहाजे, तटबंद्या आणि शस्त्रे स्वाधीन करतो, माणसांना सुखरूप जाऊ द्या. इतोने होकार दिला आणि सोबत शँपेन, वाइन व पर्सिमॉनची फळे भेट पाठवली. दुसऱ्या दिवशी भेट परत आली. तिच्याबरोबर डिंगच्या मृत्यूची वार्ताही. त्याने अफू घेऊन प्राण दिला होता. पुढची बोलणी न्यू छांगबिंग या मुलकी अधिकाऱ्याने केली आणि १४ तारखेला ‘मात्सुशिमा’ या जहाजावर सही झाली. डिंगची शवपेटी नेता यावी म्हणून इतोने एक जहाज चिन्यांकडेच राहू दिले.

तोशिहिदेला हे ठाऊक नव्हते, असे मानणे कठीण आहे. त्याचाच गुरुबंधू मिझुनो तोशिकाता (दोघेही योशितोशीचे शिष्य) याचे डिंगच्या आत्महत्येचे चित्र त्याच फेब्रुवारीतले आहे, आणि त्यातला डिंग शत्रू असूनही धीरोदात्त आहे. म्हणजे एकाच बाजारात एकच माणूस दोन रूपांत विकला गेला. कारण बहुधा साधेच असावे. न्यू छांगबिंगला टोकियोत कोण ओळखणार? विजयाच्या चित्राला पराभूत सेनापतीचा चेहरा हवा होता.

याच चित्रात चिनी आरमाराचे युरोपीय सल्लागारही आहेत. असे सल्लागार वेहायवेत खरोखरच होते. पण चित्रात त्यांची उंची, ठेवण आणि पेहराव जपान्यांशी जुळतो. वाकलेले आणि लहान दिसतात ते चिनीच. जपान कोणत्या राष्ट्रांच्या पंगतीत बसू पाहत होता, हे ग्राहकाला वेगळे सांगावे लागत नसे.

पेकिंगच्या दरबारानेही डिंगला पराभवाचा दोषी ठरवून मरणोत्तर सन्मान नाकारला. तो त्याला परत मिळाला तेव्हा छिंग राजवट शेवटच्या घटका मोजत होती. पांढरे निशाण घेऊन गेलेला चंग बीग्वांग मात्र पुढे चिनी प्रजासत्ताकाचा नौदलमंत्री झाला. १९१८ साली ग्वांगचौ येथे त्याची हत्या झाली.