आगीचा बंब
आगीचा बंब : आग विझविण्याकरिता दाबाखाली पाणी फेकणारा पंप व तो वाहून नेणारे वाहन, या दोहोंस मिळून मराठीत ही संज्ञा रूढ आहे. ‘बंब’ हा शब्द पंप या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. न्हाणीघरात पाणी तापविण्याच्या तांब्याच्या पात्रासही तेच नाव मिळाले, ही भाषेची एक गंमतच होय.

ॲम्स्टरडॅम येथे व्हान डर हायडन याने १६७२ च्या सुमारास चामडी नळी वापरात आणली. तिच्यामुळे बंब दूर ठेवून पाणी आगीच्या जवळ नेता येऊ लागले. हातपंपाच्या दांड्या दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा दाबीत. लंडनमध्ये १८२९ मध्ये वाफेचा बंब तयार झाला. असे जुने बंब अमेरिकेतील फीनिक्स येथील ‘हॉल ऑफ फ्लेम’ या संग्रहालयात पाहावयास मिळतात. पितळी नक्षी व लाल रंग यांमुळे तेथे हा इतिहास केवळ यंत्रांचा वाटतो. वास्तविक तो तितकाच साठवणुकीचाही आहे.

फेब्रुवारी १८०३ मधील आगीत मुंबईच्या किल्ल्यातील दाट वस्तीचा मोठा भाग जळाला. शहराचे पूर्णवेळ अग्निशामक दल १ एप्रिल १८८७ रोजी उभे राहिले व १९०७ मध्ये त्यात मोटारबंब आला. तथापि १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत बंबांची संख्या निर्णायक ठरली नाही. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात कापसाच्या गाठी व सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरली होती. शेकडो टन पाणी ओतूनही धुमसत्या कापसातील आगीचे मूळ सापडले नाही. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

हाच प्रश्न लहान प्रमाणावर ठाणे–भिवंडी मार्गावरील काल्हेर (ता. भिवंडी) व आसपासच्या गावांत आढळतो. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर माल उतरविणे सोयीचे असल्याने येथे गोदामे वाढली. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामे राहिली. कापड, पुठ्ठा, प्लॅस्टिक व रसायने यांची गोदामे एकमेकांस लागून असतात. आगीत पत्र्याचे छप्पर वाकून मालावर बसले, की वरून मारलेले पाणी खालच्या धगीपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा ढिगारा उपसणे हेच मुख्य काम होते व आग कित्येक तास धुमसत राहते. शिवाय ज्वालाग्राही द्रवावर पाण्याऐवजी फेस लागतो. आत काय साठविले आहे, हे बंबवाल्यास दारातून दिसत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते.